फळ्यावरून पुसलेल्या चार ओळी

हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस कारवाईला तीनेक वर्षं झाली होती. मी तेव्हा जाफराबादच्या शाळेत मास्तर होतो. तिथंच उर्दू शिकवणारे एक शिक्षक होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो, ते मला मास्तर. आम्ही दोघांनी मिळून बाजारात एका दुकानाच्या ओसरीवर वाचनालय काढलं आणि बाहेर काळा फळा टांगला. निजामाच्या जुन्या अमलात साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागायची. म्हणून उस्तादांचा आग्रह, की या फळ्यावर कोणीही यावं आणि मनातलं लिहावं. खडू बाहेरच असायचा. कोणी हरवलेल्या म्हशीची खूण लिही, कोणी पटवाऱ्याची तक्रार, कोणी नुसतीच कविता.

एका सकाळी मला त्यावर चार ओळी दिसल्या. गावातल्या सगळ्या मुसलमानांना गद्दार म्हटलं होतं, त्यांना हाकलून द्या म्हटलं होतं. मी फडकं ओलं करून फळा पुसून टाकला.

दुपारच्या सुट्टीत उस्ताद माझ्याजवळ येऊन बसले.

"मास्तर, पुसलं कशाला?"

"तुमच्या नजरेला पडू नये म्हणून."

"मी तर नमाजला जातानाच वाचून गेल्तो. माझ्यामागं दूधवाला आल्ता, किराणावाला आल्ता. सगळ्यांनी वाचलं. राहू द्यायचं होतं. खाली कोणी 'हे खोटं आहे' असं लिहितंय का, ते मला बघायचं होतं."

"आणि कोणीच लिहिलं नसतं तर?"

"तर तेबी मला बराबर कळलं असतं."

मी चिडलो. म्हणालो, हे मत नव्हे, अशा लिहिण्यानं उद्या दगड पडतील. असं लिहिणाऱ्याला कायद्यानं आत टाकलं पाहिजे. उस्ताद शांतपणे म्हणाले, "आज त्याचा खडू काढून घ्याल, उद्या माझा घ्याल."

त्याच आठवड्यात मी वाचनालयाच्या बैठकीत ठराव मांडला, की चिटणिसानं पाहिल्याशिवाय फळ्यावर काही लिहायचं नाही. चिटणीस मीच होतो. सगळ्यांनी हात वर केले, उस्तादांनी केला नाही.

दोन महिन्यांनी त्यांनी फळ्यावर लिहायच्या मजकुराचा एक कागद आणला. शाळेतले उर्दूचे वर्ग बंद होणार होते आणि हा पोरांवर अन्याय आहे, असं त्यांनी स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. बाकीचे म्हणाले, यानं वातावरण तापेल. मी उस्तादांकडे न बघता म्हणालो, "सध्या नको."

"बरं," ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. 'मी आधीच सांगितलं होतं,' एवढंही ते बोलले नाहीत. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या ओळी पुसल्या ही चूक होती, असं मला आजही म्हणवत नाही. त्या दिवसापासून उस्तादांच्या बायकोनं बाजाराला येणं सोडलं होतं, हे मी पाहिलं होतं. पण पुसल्यावर त्या जागी मी स्वतः एक अक्षर लिहिलं नाही. ते मला लिहिता आलं असतं.

भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा उस्तादांनी हैदराबादकडची बदली मागून घेतली. मी त्यांना पोचवायला जालन्याच्या स्टेशनापर्यंत गेलो. खिडकीतून त्यांनी माझा हात धरला. "या एकदा तिकडं, बसून भांडू," म्हणाले. गाडी हलली तरी आम्ही हात सोडले नव्हते.

त्यांची दोन पत्रं आली. तिसरं आलंच नाही आणि जुन्या पत्त्यावर पाठवलेली माझी पत्रंही परत आली नाहीत. पुढं वकिलांशी, पुढाऱ्यांशी कोणाला काय लिहू द्यावं याच विषयावर मी पुष्कळ वाद घातले, बहुतेक जिंकलेसुद्धा. जिंकून घरी आलो, की जीव उस्तादांसाठी तुटायचा. वाटायचं, आत्ता ते समोर असते तर माझी कुठं चूक झाली ते त्यांनी सांगितलं असतं, आणि मग आम्ही दोघं चहा प्यायला उठलो असतो.