खंडेनवमीचं विमान

बिल्ल्यांनी भरलेलं जाकीट घालायचं, हातात डॉक्टरांकडे असते तशी छोटी बॅटरी धरायची, प्लास्टिकच्या विमानाच्या पोटाखाली वाकून पाहायचं आणि सुस्कारा सोडायचा, याला आमच्या क्लबात परीक्षण म्हणत. क्लब कॅल्गरीतल्या एका कम्युनिटी हॉलच्या बेसमेंटमध्ये भरायचा. मुख्य परीक्षक निवृत्त विमा अधिकारी होते. विमान त्यांनी आयुष्यात कधी चालवलं नव्हतं, पण प्रत्येक मॉडेलसमोर उभे राहून असं बोलायचे की जणू त्यांनी सही केल्याशिवाय ते धावपट्टी सोडणार नाही.

मी तिथे पोचले ती नोकरी गेल्यामुळे. तेलाचे भाव पडले आणि मार्चमधल्या एका मंगळवारी कंपनीने आमचा पाइपलाइन डिझाइनचा अख्खा मजला दुपारपर्यंत रिकामा केला. अकरा वर्षांच्या कामाची पोच म्हणजे एक फॉर्म. तो भरणाऱ्या गृहस्थाने माझा लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला आणि शेरा लिहिला, ‘झाकणावर डाग’. डाग हळदकुंकवाचा होता. आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाई दर खंडेनवमीला विळी, मिक्सर, आपल्या मुलाची गाडी आणि माझा लॅपटॉप अशी पूजा करतात. कंपनीला माझ्याबद्दल लेखी नोंदवावंसं वाटलं ते एवढंच.

मग मी घरच्या बेसमेंटमध्ये मॉडेल्स बनवायला लागले. मे महिन्यात पहिलं विमान क्लबात नेलं, तर मुख्य परीक्षकांनी ते ‘मुलं आणि नवशिके’ असं लिहिलेल्या टेबलावर एका डायनॉसॉरशेजारी मांडलं. वर मायेने विचारलं, मिस्टरांनी मदत केली का? माझा नवरा डेटाबेस सांभाळतो. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला तर तो आधी त्याचं मॅन्युअल शोधेल.

त्याच दिवशी ठरवलं, ऑक्टोबरच्या स्पर्धेत खुल्या गटात विमान मांडायचं आणि पहिल्या तिनांत यायचं. ज्या लोकांना मी मनातल्या मनात हसत होते, त्यांचीच शाबासकी मला हवी होती. हे मला कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता.

विमान निवडलं ते एकोणीसशे तीसच्या दशकातलं, शर्यतीचं. एक भलंमोठं इंजिन, त्याच्यामागे कसाबसा कोंबलेला वैमानिक, आणि उरलेल्या जागेत नाइलाजाने जोडलेले पंख. क्लबातले बाकीचे सगळे लढाऊ विमानं करतात. त्यात सोय असते. सांधा नीट जुळला नाही की त्यावर चिखल नाहीतर धूर रंगवायचा आणि त्याला वास्तववाद म्हणायचं. शर्यतीचं विमान मात्र नव्या भांड्यासारखं चकचकीत लागतं, लपवायला जागा नाही. पाच महिने मी पुट्टी भरत होते, पाण्यात बुडवलेल्या पॉलिशपेपरने घासत होते आणि पुन्हा पुट्टी भरत होते. प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून केसाएवढी ताणायची आणि तिच्या तारा करायच्या, हे शिकायला जुलै गेला. तीन बाटल्यांतून मिसळून सायीसारखा एक रंग जमवला आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत वापरला. वरून मारायचं व्हार्निश तेवढं राहिलं होतं.

खंडेनवमीच्या दिवशी एका मुलाखतीसाठी सीट्रेनने डाउनटाउनला गेले. त्यांनी वीस मिनिटांत मला ओव्हरक्वालिफाइड ठरवलं, म्हणजे नकार देऊन वर उपकारही केले. घरी येऊन बेसमेंटमध्ये उतरले तर पंखावर ग्रोसरीतल्या शेवंतीचं फूल होतं, कॉकपिटमध्ये अक्षता होत्या आणि इंजिनाच्या गोल आवरणावर हळदीकुंकवाची दोन ओली बोटं. पुसून पाहिलं. पिवळा रंग आत उतरला होता.

“आई, हे काय केलंत?”

“पूजा केली. तुझा लॅपटॉप कुठे दिसला नाही.”

“तो त्यांनी परत घेतला. मार्चमध्येच.”

“ठाऊक आहे मला. म्हणून तर बघितलं, ही हल्ली काम कशावर करते ते. नऊला खाली उतरतेस, पाचला वर येतेस.” मग माझं तोंड बघून म्हणाल्या, “पुसायचंच असेल तर उद्या दसरा झाल्यावर पूस.”

आवरण घासून सरळ लाल रंगवता आलं असतं. शर्यतीच्या विमानांची नाकं लाल असतातही, कुणाला पत्ता लागला नसता. मी लाल रंगाची बाटली उघडली, बराच वेळ ढवळत बसले आणि झाकण लावून टाकलं. दसऱ्याच्या दिवशी हळदीवरूनच व्हार्निश मारलं. भक्तीने नव्हे, चिडूनच.

शनिवारी विमान खुल्या गटाच्या टेबलावर गेलं. मुख्य परीक्षकांनी बॅटरी लावली. सांधा शोधला, पुन्हा शोधला. तो सापडत नव्हता आणि त्याचा त्यांना होणारा त्रास मला व्यवस्थित दिसत होता. मग ते नाकाशी आले आणि त्यांचा चेहरा खुलला. तेल गळलं असेल तर ओघळ मागे जायला हवा, म्हणाले, असे दोन गोल ठिपके पडणार नाहीत. हे नक्की काय आहे?

इंधन सांडलंय, असं सांगता आलं असतं. ते मानायला तयार दिसत होते.

“हळद आणि कुंकू,” मी म्हटलं. “यंत्राला लावतात.”

“कोण लावतं?”

“आमच्याकडे सासू लावते.”

त्यांनी मान डोलावून कागदावर काहीतरी लिहिलं. नऊ विमानांत माझा चौथा नंबर आला. गुणपत्रिकेत सांध्यांना पैकीच्या पैकी होते, रंगकामाला उत्तम असा शेरा होता आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘नाकावर डाग’.

घरी सासूबाई दारातच होत्या. नंबर आला का, म्हणाल्या. चौथा आला, पुढच्या बाजूला डाग आहे म्हणाले, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून विमान घेतलं, चष्मा लावला, खिडकीच्या उजेडात नेऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं. बॅटरी लागली नाही.

“हळद जरा जास्त झालीय खरी,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी बेताने लावीन.”