स्पॅमची शिकवणी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. फैजपूरकडच्या खेड्यातून निघाले, जळगावच्या वसतिगृहात राहून पदवी घेतली आणि धुळ्याच्या एका खासगी कॉलेजच्या कार्यालयात टेबल मिळवलं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. त्यामुळे कॉलेजच्या मेलमध्ये शिरणारा कचरा थांबवायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर टाकलं, तेव्हा योग्य माणूस सापडला असंच मला वाटलं.

त्या वर्षी कॉलेज 'पेपरलेस' झालं होतं. म्हणजे कागद आतल्यांनी वापरायचा, बाहेरच्यांनी मेल करायचा. सगळ्यांना मिळून एकच पत्ता. त्यावर विद्यार्थ्यांचे अर्ज यायचे आणि त्यांच्या दसपट परदेशी लॉटऱ्या नि टक्कल घालवणारी तेलं.

मेलची गाळणी सांगाल तसं शिकते. नको त्या मेलवर 'स्पॅम' म्हणून टिचकी मारायची, चुकून अडकलेल्याला 'स्पॅम नाही' म्हणून सोडवायचं. चार-आठ दिवसांत ती तुमची आवडनिवड उचलते. माझी उचलली असती, पण आमचे प्राध्यापकही तिची शिकवणी घेत होते.

त्यांना खोट्या परिषदांची निमंत्रणं यायची. 'थोर शास्त्रज्ञ महोदय, आपल्या संशोधनाने आम्ही भारावलो, शुल्क भरा, बँकॉकला या.' मी ते स्पॅममध्ये टाकायचे, तासाभरात कुणीतरी मोकळं करायचं.

"मॅडम, माझं निमंत्रण फेकलंत!" भूगोलाचे सर एकदा टेबलापाशी येऊन तडकले.

"सर, त्यात तुम्हाला हृदयरोगतज्ज्ञ म्हटलंय."

"असू द्या. बाहेर कुणीतरी ओळखतं."

गाळणी शिकली, की स्तुती असलेला मेल चांगला. मी घरी येऊन पोट धरून हसायचे.

त्याच आठवड्यात नरडाण्याकडच्या एका ई-सेवा केंद्रातून मेल आला. विषय रिकामा, मजकूर रिकामा, खाली मात्र ठळक अक्षरात : सातबारा, पॅनकार्ड, झेरॉक्स, लग्नपत्रिका छापून मिळतील. जाहिरात समजून मी तो स्पॅममध्ये टाकला. दुसराही तसाच आला, तोही टाकला. तिसऱ्याच्या वेळी गाळणीनं मला विचारलंच नाही. सोबतची फाईल उघडायचे कष्ट मी घेतले नव्हते. विषय न लिहिता मेल धाडणाऱ्यांविषयी माझं मत तेव्हा फार कडक होतं.

मुलींच्या वसतिगृहाची यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी खिडकीशी एक म्हातारबा उभे राहिले.

"ताई, पोरनी अर्ज करेल शे. यादीमा नाव नही."

"अर्ज आलेला नाही, आबा. मेलनं पाठवायचा होता."

"मेलनीच धाडेल शे. सेंटरवालानी मन्हा सामने धाडा."

"कुठल्या पत्त्यावरून? मुलीचा मेलचा पत्ता सांगा."

"पोरले कथाईन पत्ता? बठ्ठा गाव त्या सेंटरना पत्तावरच चालस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खोली नही भेटनी ते पोरले घर लई जासू. रोज एवढं लांब मी तिले धाडाव नही."

खोल्यांचा ताबा उद्या सकाळी द्यायचा होता.

मी स्पॅम उघडलं. एकाच पत्त्यावरून सतरा मेल. प्रत्येकात हातानं लिहिलेल्या अर्जाचा फोटो, एका कोपऱ्यात कागद धरणाऱ्याचा अंगठा. त्यांच्या मुलीचा अर्ज नववा. 'माझे घरी शिकलेले कोणी नाही, तरी कृपया विचार व्हावा.' जळगावच्या वसतिगृहासाठी मी लिहिलेला अर्ज जवळपास हाच होता. फरक एवढाच, की माझा कागद एका माणसानं हातात घेतला होता. आणि इकडे इनबॉक्सात बँकॉक ऐसपैस बसलं होतं.

सतराही अर्ज छापून मी प्राचार्यांकडे गेले.

"'तांत्रिक अडचण' लिहा आणि विषय संपवा," ते म्हणाले. "तुमचंही नाव खराब व्हायला नको."

"तांत्रिक अडचणीला यादी बदलता येते, सर?"

"नाही."

"आणि कार्यालयाच्या चुकीला?"

"तेव्हा बदलावी लागते. पण मग चूक कुणाची, ते लिहून द्यावं लागतं."

पेपरलेस कॉलेजात मी एक कोरा कागद मागितला. लिहिलं, की आलेले अर्ज मी न उघडता कचरा ठरवले आणि यंत्रालाही तसंच शिकवलं. खाली सही केली, पदवीसकट. एवढ्या चार ओळींना मला अख्खा तास लागला. संध्याकाळपर्यंत ही बातमी स्टाफरूममध्ये पोचली. भूगोलाचे सर म्हणाले, "अरेरे मॅडम, तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, "हो सर. पण मी लिहून दिलंय."

सकाळी नवी यादी लागली. बाप-लेक आधीच येऊन फलकापुढे उभे होते. मुलीनं स्वतःचं नाव शोधलं, बोट ठेवलं, तरी म्हाताऱ्यांनी माझ्याकडून खात्री करून घेतली.

"हेच का, ताई?"

"हेच, आबा."

आभार वगैरे काही नाही. चूक कुणाची ते त्यांना कळलेलं होतं. पिशवी काखेत मारत ते म्हणाले, "पुढला सालले मी कागद हातमाच लई येसू. तुमनं ते यंत्र राहू द्या."

पेपरलेसचा नियम जिभेवर आला होता. मी म्हटलं, "या आबा. माझ्याच हातात द्या."