जिने जोडली, तिनेच उतरवायची

माझी आत्या छप्पन्न वर्षांची आहे, एका लहानशा सायकल कारखान्यात वेल्डर आणि तिथल्या सगळ्यांचीच आत्या आहे, आणि राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायम मुक्कामाला असतो. डोंगरात चालवायच्या सायकलींच्या फ्रेमी आम्ही बनवतो. आत्या नळ्या जोडते, मी रंग देते. कारखान्याचे मालक एके काळी तिच्याच हाताखाली वेल्डिंग शिकले. आम्ही सगळे त्यांना मालक म्हणतो. ती अजून लंबू म्हणते, तेही गिऱ्हाइकासमोर.

तीस वर्षांपूर्वी तिने एक नियम घालून दिलाय. नवीन फ्रेम ज्याने जोडली त्यानेच ती पहिल्यांदा मागच्या खाणीच्या उतारावरून खाली आणायची, पाय न टेकता. पाय टेकला, तर डोळ्यांपुढची वेल्डिंगची काच कायमची खुंटीला लावायची आणि दुसरं काम धरायचं. "स्वतःच्या जोडावर बसायला जो घाबरतो, त्याच्या जोडावर दुसऱ्याने का बसावं?" हे तिचं म्हणणं. या नियमापायी चार चांगल्या माणसांची काच गेली. खुद्द मालक त्यातले एक.

खाण बंद पडलेली आहे. उतारावर आधी खडकाच्या तीन पायऱ्या, मग 'जबडा', म्हणजे दोन दांडग्या खडकांमधली फट, ज्यातून हँडल जेमतेम जातं. त्यानंतर सुट्या दगडांची घसरण. चालत उतरतानासुद्धा मी बसून बसून उतरते.

त्या दिवशी आत्याने अकरा दिवस खपून जोडलेली नवी फ्रेम उतरवायची होती. नळ्या नेहमीपेक्षा पातळ, वजन निम्मं. सकाळी मालकांनी चाचरत विषय काढला.

"आत्या, या खेपेला दुसऱ्या कुणाला..."

"का? मी मेले का?"

विषय तिथेच संपला. मी उताराच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. कारखान्यात नारिंगी रंग कालवून ठेवला होता, कारण फ्रेम खाली आल्याशिवाय तिला रंग लागत नाही. वरून तिचं हेल्मेट दिसताच मी लहान पोरीसारखी टाळ्या पिटू लागले. काय दिसत होती! सीटवरून उठलेली, कोपरं बाहेर, हनुवटी पुढे. पहिली पायरी तिने अशी घेतली की जणू खाली दगड नव्हताच. दुसरी पायरी. पुढचं चाक खाली गेलं, त्याला धरणारा फोर्क दबला, मागचं चाक ठक्‌कन मागोमाग आलं. मी ओरडले, "चल आत्या, चल!" तिसरी पायरी उतरली आणि जबड्याच्या तोंडाशी तिने करकचून ब्रेक दाबले. डावा पाय जमिनीवर.

मी धडपडत वर गेले तेव्हा ती खाली वाकून फ्रेमला कान लावून होती. चेहरा पांढराफटक.

"वाजली," ती म्हणाली. "टिक झालं. जोड गेला माझा."

आत्या घाबरलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. मला रडूच आलं.

सायकल टेबलावर आली. चाकं काढली, फोर्क काढला. प्रत्येक जोडाला रॉकेल चोळून पुसून घेतलं आणि वरून खडूची पूड लावली. बारीकशी जरी चीर असली तरी आतलं रॉकेल झिरपून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आम्ही बघत बसलो. रेघ काही उमटेना. मालकांनी पुन्हा सगळं पुसून पुन्हा लावलं. तरीही नाही. भिंगातून एक जोड नीट बघायला आत्या स्टुलावरून उठली.

टिक.

ती जागच्या जागी थिजली. हळूच खाली बसली. पुन्हा उठली.

टिक.

"ऐकलंस?" तिने मला विचारलं.

"ऐकलं. तुझा गुडघा आहे तो."

"गुडघा!" तिने माझे खांदे धरून मला गदागदा हलवलं. "लंबू, अरे माझा गुडघा आहे! जोड शाबूत आहे!" स्वतःचं हाड वाजल्याचा इतका आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग तिचे हात माझ्या खांद्यांवरून सुटले. आमच्याही लक्षात आलं. फ्रेममध्ये दोष नाही, म्हणजे पाय टेकला तो तिच्यामुळे. तिने टेबलावरची काच उचलली आणि खुंटीकडे निघाली.

मी भडकले. "अगं, बोंबलायचं कशाला? पेडल ढिलं होतं म्हणायचं, पुन्हा उतरायचं!"

"तू तुझ्या रंगाचं बघ. मध्ये तोंड घालू नकोस."

पण खुंटीसमोर मालक हाताची घडी घालून उभे होते.

"आत्या, मी पाय का टेकला होता, आठवतंय?"

"जबडा बघून फाटली होती तुझी."

"हो. आणि तुम्ही का टेकलात?"

"आवाज आला म्हणून."

"मग? आवाज ऐकूनही जो थांबत नाही, त्याच्या हातात वेल्डिंगची टॉर्च द्यायची नाही, हे मला कुणी शिकवलं?"

आत्याने हातातली काच परत टेबलावर ठेवली.

"फ्रेम अजून खाली आलेली नाही," मालक म्हणाले. "उतरवा."

पुढची पंधरा मिनिटं चाकं बसवण्यात आणि आत्याच्या शिव्या खाण्यात गेली. जुन्या ट्यूबची पट्टी तिने गुडघ्याला करकचून बांधली. या खेपेला सगळा कारखाना पायथ्याशी जमला.

ती आली. एक, दोन, तीन पायऱ्या, कुठेही अडखळली नाही. जबड्यासमोर तिने वेग कमी करायच्या ऐवजी वाढवला. मी डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण हे चुकवलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. हँडल दोन्ही खडकांमधून बोटभर अंतराने सुटलं. घसरणीवर मागचं चाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, तिने त्याला मनासारखं नाचू दिलं, आणि दगडांचा पाऊस उडवत ती थेट आमच्या पुढ्यात येऊन थांबली. आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडत होतो.

मालकांनी हात वर केला. सगळे चूप. आत्याने पाय उचलून सायकलवरून उतरायला सुरुवात केली.

टिक.

फ्रेमकडे कुणीही बघितलं नाही. मी रंग आणायला पळाले.