कोळ्याचं गाठोडं

सन तीसच्या आसपासची गोष्ट. माझ्या सासरी, सोलापुरात, न्हाणीमागे एक अरुंद खोली होती. दर महिन्याला तीन दिवस मी तिथं बाजूला बसायची. कुणाला शिवायचं नाही, पाणीसुद्धा वरून ओतून घ्यायचं. गिरणीचा भोंगा झाला की दिवस किती सरला ते कळे.

मी तेव्हा सतरा वर्षांची असेन. बाजूला बसले त्याच दुपारी यजमानांनी उंबऱ्याबाहेरून एक पोस्टकार्ड आत टाकलं. जेऊरच्या मास्तरांनी लिहिलं होतं. आई तापानं अंथरुणाला खिळली आहे, लेकीला लगेच पाठवा. वडील गेल्यापासून आई तिथं एकटीच राहायची आणि मी तिची एकुलती एक.

"संध्याकाळच्या गाडीनं जाऊ का?" मी विचारलं. यजमान सासूबाईंकडे बघू लागले.

"आजारी आईला विटाळात शिवणार का तू?" सासूबाई म्हणाल्या. "चौथ्या दिवशी न्हा आणि जा."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. माझ्या शिवण्यानं आईचा ताप वाढेल या धास्तीनं मी गप्प बसले. त्या खोलीला बाहेरून कडीसुद्धा नव्हती.

सोबतीला एक कोळी होता. मातकट रंगाचा, पाठीवर फिकट पट्टा. जाळं नाही की काही नाही, भिंतीच्या कडेनं धावून किडे धरायचा. पुढं लेकाच्या कॉलेजच्या पुस्तकात चित्र पाहिलं तेव्हा कळलं, याला लांडगा कोळी म्हणतात आणि याच्या पुष्कळ जाती आहेत. माझ्या खोलीतली कुठली ते काही पुस्तकात सापडलं नाही. ती मादी होती एवढं मात्र मला तेव्हाही ठाऊक होतं, कारण अंड्यांचं पांढरं गाठोडं मागं चिकटवून ती जाईल तिथं ओढत न्यायची.

दुसऱ्या दिवशी मला कुणावर तरी राग काढायचा होता. केरसुणीच्या काडीनं मी ते गाठोडं सोडवलं आणि ते घरंगळत फरशीच्या फटीत गेलं. ती वेड्यासारखी भिरभिरली, पायांनी जमीन चाचपत राहिली. मला फार लाज वाटली. काडीनं फट उकरून पाहिली, पण काही हाती लागेना. मग उशीतला कापूस काढून गोळी वळली आणि तिच्यापुढं टाकली. तिनं ती चाचपली, मागं चिकटवली आणि चालू लागली. "खुळी गं खुळी," म्हणून मी हसले, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी न्हाऊन ओल्या केसांनीच गाडीत बसले. जेऊरला पोचले तर आमच्या उंबऱ्यात शेजारची धनगराची बाई बसली होती, आईला दूध घालणारी. आई आदल्या पहाटेच गेली होती.

"लई तळमळत हुती," बाई म्हणाली. "डोळ्यानं दिसत न्हवतं. सारकी इचारायची, बाळे, आलीस का? शेवटी मीच हात धरला अन् म्हनलं, व्हय, आले की गं आई. तवा कुटं निवांत झाली."

तीन दिवस ज्यांच्यापुढं तोंड उघडलं नव्हतं, त्यांच्या वाटणीचं सगळं मी त्या बाईला बोलले. माझ्या आईला फसवायचा तुला काय अधिकार, असंही म्हणाले.

"तू तर आली न्हाईस, बाय," ती म्हणाली. "कुनीतरी व्हय म्हनाय नगं का?"