आमच्या वाट्याला डमी

पोहणं शिकवण्याचा कोर्स करते म्हटल्यावर आईनं हातातली भाजी खाली ठेवली. "काहून करून राहिली तू हे? शाळेत खेळ शिकवते तेवढं पुरत नाही?"

पुरत नव्हतं. आमच्या शाळेतल्या मुली सहलीला भेडाघाटला जात, नर्मदेकाठी उभ्या राहून फोटो काढत, आणि एकीलाही पोहता येत नसे. पालक म्हणत, शिकवणारी बाई असेल तरच मुलीला पाण्यात उतरवू. म्हणून मी गेले.

आम्ही चार बायका होतो, बाकी सगळे पुरुष. श्वास सोडायला कसं शिकवायचं, घाबरलेल्या पोराला पाण्यात कसं उतरवायचं, हे सगळं नीट झालं. बुडणाऱ्याला वाचवण्याच्या सरावाची पाळी आली तेव्हा ट्रेनर म्हणाले, "चलो, जेंट्स जोड़ी बना लें। मैडम लोग डमी से करेंगी।"

डमी म्हणजे नारिंगी रबराचं, हातपाय नसलेलं धड. ते ओरडत नाही, गळ्याला मिठी मारत नाही. काठापर्यंत गुमान ओढत नेता येतं.

मी विचारलं, "सर, डूबने वाला पहले पूछेगा क्या, कि बचाने वाली लेडीज़ तो नहीं?"

पुरुष हसले. ट्रेनर हसले नाहीत. "आपकी इज़्ज़त के लिए ही कह रहा हूँ, मैडम।"

माझी इज्जत सांभाळायला मी त्यांना कधी सांगितलं होतं? कपडे बदलताना बरोबरची एक मुलगी हळूच म्हणाली, "दीदी, जाने दो। पास तो सबको कर देंगे।" याचाच मला जास्त संताप आला. जिवंत माणसाला एकदाही न धरता आम्ही पास होणार, आणि उद्या लोक आमच्या भरवशावर आपली लेकरं पाण्यात सोडणार!

दुसऱ्या दिवशी मी डमीला हात लावला नाही. काठावर बसून राहिले. ट्रेनर चिडले. "तो फिर मुझे ही बचा लीजिए," म्हणत त्यांनी खोल पाण्यात उडी मारली.

मी जवळ पोचताच त्यांनी दोन्ही हातांनी माझा गळा आवळला आणि मला खाली दाबलं. सरावात कुणी इतकं दाबत नाही. नाकात पाणी गेलं. क्षणभर वाटलं, हा माणूस मला धडा शिकवून राहिला. मग त्यांनीच वर्गात सांगितलेलं आठवलं: बुडणाऱ्याला हवा पाहिजे असते, तुम्ही खाली गेलात की तो सोडतो. मी हनुवटी छातीशी घेतली, त्यांचे कोपर वर ढकलले आणि आणखी खाली गेले. पकड सुटली. मागून येऊन त्यांच्या काखेत हात घातला, तोंड पाण्यावर धरलं आणि पाठीवर पोहत ओढायला लागले. त्यांनी अंग मुद्दाम ढिलं सोडलं होतं. दंड भरून आले, पण काठ गाठला.

खोकत खोकत ते म्हणाले, "मैडम में ताकत है।"

"ताकत नहीं सर, तरीका है। आपने ही सिखाया, और हमें ही करने नहीं दे रहे थे।"

ते घड्याळाकडे पाहायला लागले. तेवढ्यात 'जाने दो' म्हणणारी मुलगीच धपकन पाण्यात उतरली. "दीदी, आप डूबिए।" मग उरलेल्या दोघीही आल्या. त्या सकाळी आम्ही एकमेकींना आळीपाळीनं बुडवलं आणि वाचवलं.

आम्ही चौघी पास झालो. आता माझ्याकडे शाळेच्या मुली शिकतात. काठावरून बुडणाऱ्याकडे ओढणी कशी फेकायची इथपासून सुरुवात होते, आणि पुढे प्रत्येक मुलगी मैत्रिणीला खरोखर ओढून आणते.

मागच्या महिन्यात कळलं, नव्या बॅचच्या बायकांना पुन्हा डमीच दिली. मी ट्रेनरना फोन केला. ते प्रेमानं म्हणाले, "अरे मैडम, आपकी बात अलग है।"

माझी गोष्ट काही वेगळी नाही, हे मी त्यांना मोठ्या आवाजात सांगितलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली. या वेळी तिनं काहून म्हणून विचारलं नाही.