न बुडवलेली सुरी

रोपवाटिकेत सगळे तिला मावशी म्हणत, अगदी मालकसुद्धा. संत्र्याच्या रोपाला डोळा भरून कलम करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बोटभर पात्याची सुरी, सालीला एक चीर, त्यात चांगल्या झाडाचा डोळा, वरून पट्टी, की पुढचं रोप. त्याच सुरीने ती सुतळी कापायची, पिशव्या फाडायची, बोटात गेलेला काटा काढायची. दुसऱ्या कोणी सुरी मागितली की मात्र तिला ऐकू येत नसे.

तिचा नियम एकच. झाड बदललं की सुरी ब्लीचच्या पाण्यात बुडवायची. आजारी झाडाचा रोग पात्यावरून दुसऱ्या झाडात जातो, आणि तो लगेच दिसत नाही. चार-पाच वर्षांनी, झाड फळाला आलं की बुंध्याची साल सुटायला लागते. तोवर रोप हिरवंगार.

एका रविवारी ती थोरल्या बहिणीकडे गेली. परसात संत्र्याचं जुनं झाड होतं.

"हे बघ गं," ताई म्हणाली, "यंदा फळं बारीक धरलीत. आणि खाली काय झालंय कोण जाणे."

मावशीने वाकून गवत बाजूला केलं. बुंध्याची साल पापुद्र्यापापुद्र्याने सुटली होती.

सहा महिन्यांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत इथे आली असताना, ताईच्या हट्टापायी तिने याच झाडाची एक काडी कापली होती. सुरी पदराला पुसली, चार घास खाल्ले आणि परत कामाला बसली. सकाळी ज्या झाडाचे डोळे भरत होती, त्याचेच दुपारी भरले. तिच्या लेखी झाड बदललंच नव्हतं. ताईचं झाड म्हणजे घरचं, ते कामात धरायचं असतं हे तिच्या हाताला सुचलंच नाही. पंचवीस वर्षांत न चुकलेला हात त्या दुपारी चुकला, आणि त्याला चूक म्हणतात हेही तिला आज कळत होतं.

"अगं, चेहरा का उतरला तुझा?" ताईने विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं," मावशी म्हणाली, आणि चहा न घेताच निघाली.

त्या दुपारची दोनशे रोपं. कडेच्या वाफ्यात, कमरेएवढी, तजेलदार. रोग पहिल्या दहांत गेला असेल, की सगळ्यांत? बघून कळायला मार्ग नव्हता. तीन दिवस कोणी नुसतं "मावशी" म्हटलं तरी ती दचके. काम जाईल, ही भीती होतीच. पण लोक तिच्या हाताचं नाव ऐकून रोपं न्यायला येत, ते नाव जाईल, याची तिला जास्त भीती वाटत होती.

चौथ्या दिवशी तिने मालकांना सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, ते ओरडतील. मालकांनी आधी दार लोटलं.

"कोणाकोणाला बोललात हे?"

"कोणालाच नाही."

"मग बोलू नका. परवा तो वाफा गिऱ्हाईकाला जाणार आहे. पाच वर्षांनी काय होतं ते कोणी बघितलंय? माती वाईट निघते, पाणी वाईट निघतं. तुमचं नाव कोण घेणार आहे?"

पकडलं जाण्याची भीती घेऊन ती आत आली होती. आता आपण कधीच पकडले जाणार नाही, हे कळून तिला जास्त भीती वाटली.

ठरल्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक आलं. आयुष्यभर बस चालवून नुकताच निवृत्त झालेला माणूस आणि त्याची बायको. बाई पानांवरून हात फिरवत होती.

"मावशी, तुमच्याच हातची ना ही?" माणसाने विचारलं. "म्हणून तर एवढ्या लांब आलो. आमचं आता दुसऱ्यांदा बाग लावायचं वय नाही. एकदाच, पण चांगली लावायची."

मावशीने मालकांकडे पाहिलं. मालकांनी, बोलू नका म्हणून, हलकेच मान हलवली. ट्रकचा फाळका उघडला गेला.

ती वाफ्याच्या टोकाला जाऊन बसली, पहिलं रोप डाव्या हातात धरलं आणि कलमाच्या जोडाखाली सुरी ओढली. शेंडा मातीत पडला. मग दुसरं. मग तिसरं.

"मावशी, काय करताय!" मालक धावत आले.

"रोगट आहेत ही. माझ्या सुरीने झालीत," ती गिऱ्हाईकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. चौथ्या रोपाला दोनदा सुरी लावावी लागली. मालकांचे पाय शेजारी येऊन थांबले. वर बघायची तिची छाती झाली नाही. तिने पाचवं रोप धरलं.