रंग धरू नये म्हणून

त्या वर्षाचं मला जे काही आठवतं, ते दुधातून बघितल्यासारखं आठवतं. खरं तर पांढरा पडला होता तो डावा डोळा. उजवा ठणठणीत होता. पण आठवणीतलं सगळंच, घरचं अंगण, शेजारच्या मागांची खटखट, बायकोच्या हातातली औषधाची बाटली, त्या सायीखालून वर येतं आणि पुन्हा खाली जातं. खटखट दिसते कशी, असं कुणी विचारील. मला दिसायची.

मी सोलापुरातल्या एका डाईंगमध्ये रंगमास्तर आहे. चादरी-टॉवेलांचं सूत रंगवायचं आणि व्यापाऱ्यानं दिलेल्या नमुन्याशी रंग तंतोतंत मिळवायचा, हे माझं काम. नमुना आणि सुताची लडी दारातल्या उजेडात शेजारी शेजारी धरायची आणि बघत राहायचं. आता यंत्रं आली, तरी अडलं की मालक मलाच हाक मारतात. या डोळ्यांचा मला माज होता, हे कबूल करायला आता हरकत नाही.

त्या माजानंच घात केला. कॉस्टिक सोडा घातलेल्या रंगाच्या टाकीजवळ जाताना घालायला मालकांनी जाड प्लॅस्टिकचा चष्मा दिला होता. मी तो खिळ्याला टांगून ठेवायचो. त्यातून रंग खोटा दिसतो, असं माझं म्हणणं. एके दिवशी लाल रंगाचा लॉट चालू होता. मी वाकून रंग बघत असताना काठीवरून एक लडी घसरून टाकीत पडली आणि ते जाळणारं पाणी उडून थेट डाव्या डोळ्यात गेलं.

खरी चूक त्यानंतरची. तेव्हाच्या तेव्हा नळाखाली डोळा धरून बसायला हवं होतं, चांगलं बराच वेळ. पण सूत टाकीत असताना मास्तरनं टाकी सोडायची नाही, सोडली तर रंग डागाळतो, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी डोळ्यावर दोन ओंजळी पाणी मारलं, तो मिटून घेतला आणि अर्धा तास उभा राहून लॉट पुरा केला. लाल सुंदर उतरला. घरी मात्र सांगितलं, लगेच धुतला म्हणून.

मग सुरू झालं ते जखमेचं येणं-जाणं. बुबुळावरची जखम भरत यायची, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकायचो, आणि चार-आठ दिवसांनी सकाळी पापणी उघडताना ती पुन्हा सोलून निघायची. गावातले डॉक्टर प्रत्येक वेळी डोळ्याला एक रंगीत कागदाची पट्टी लावत आणि निळ्या दिव्यात बघत. जिथं जखम असेल तिथं तो रंग धरतो, हिरवागार चमकतो. धडधाकट जागेवर टिकत नाही. मला हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर रंग धरावा म्हणून देवाला हात जोडले, आणि आता माझा डोळा कुठल्याही सुतापेक्षा छान रंग धरत होता.

शेवटी त्यांनी हैदराबादला पाठवलं. गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. उजवा डोळा मिटला की बाहेरची रानं वितळायची, झाडं आणि आभाळ एकाच टाकीत घातल्यासारखी एकमेकांत शिरायची. खोटं कशाला सांगू, ते दिसायला सुंदर होतं. बायको म्हणाली, "काय बघताय एवढं?" मी म्हणालो, काही नाही. तिच्या पायांजवळ भाकरीचं गाठोडं होतं आणि मांडीवर माझ्या सगळ्या रिपोर्टांची पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई तेलुगू बोलत होत्या. डाईंगमधल्या तेलुगू कामगारांत राहून मला ती बऱ्यापैकी येते; मी ऐकायचो आणि बायकोला मराठीत सांगायचो. काळं बुबुळ आणि पांढरा भाग जिथं मिळतात, त्या कडेवर मूळपेशी असतात, स्टेम सेल म्हणतात त्या. बुबुळावरचं पातळ कातडं रोज झिजतं आणि या कडेवरून रोज नवं येतं. माझ्या डाव्या डोळ्याची ती कड पुरती जळाली होती. नवं यायला बीच उरलं नव्हतं. उपाय एक होता. उजव्या डोळ्याच्या कडेचा एक बारीकसा तुकडा काढायचा, त्याचे आणखी बारीक तुकडे करायचे आणि डाव्या डोळ्यावर लावायचे.

उजव्या डोळ्याचं नाव निघालं आणि मी उठूनच उभा राहिलो. हा एकच डोळा शिल्लक. याच्यावर माझं काम, माझं नाव, सगळं. याला पातं लावायचं? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणाऱ्यांतला मी नाही, असं मी तिथं जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तुकडा फार लहान असतो, त्या डोळ्याला सहसा काही होत नाही, असं बाई शांतपणे म्हणाल्या. 'सहसा' हा शब्द मी पकडून बसलो.

तेव्हा बायको बोलली. आमच्यात काय चाललंय ते तिला माझ्या तोंडावरून कळलं होतं.

"त्यास्नी इचारा, माझ्या डोळ्यातलं चालंल का. मला कुटं रंग बघायचा हाय? भाकरी तर हातानं बी थापती की."

मी ते तेलुगूत सांगितलं. दुसऱ्याचं लावलं तर शरीर ते परकं मानतं, ते टिकवायला फार औषधं लागतात. स्वतःचं असताना दुसऱ्याचं कशाला, असं उत्तर आलं. मी खाली बसलो. मला माझ्या एका डोळ्यातलं माझ्याच दुसऱ्या डोळ्याला देववत नव्हतं, आणि ही बाई पिशवी मांडीवर ठेवून तिचा डोळा द्यायला निघाली होती. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. सही केली.

बाईंनी मग कागदावर गोल काढून त्यात ठिपके देऊन दाखवले, तुकडे कसे कडेकडेनं लावतात ते. बायको मोडनिंबच्या शेतकऱ्याची मुलगी. ती म्हणाली, "ह्ये तर कांद्याचं रोप लावल्यावानी हाय. एकदा लावलं की येळच्या येळी पानी द्यायचं, आन हात लावायचा न्हाय."

ऑपरेशननंतर एक दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. तो दिवस मला सगळ्यात स्वच्छ आठवतो. अंधार काळा नसतोच. आधी त्यात जांभळं उगवलं, मग शेवाळी, मग माझा तो लाल, टाकीतून लडी वर निघावी तसा हळूहळू निथळत. जळालेल्या जागेवर बाईंनी आधी एक पातळ पापुद्रा अंथरला होता, बाळंतपणात वारेबरोबर येतो तो, कुण्या आईनं दिलेला. त्यावर माझे तुकडे. ते बाळ आता कुठं रांगत असेल, याचा मी विचार करत राहिलो. त्याचं पहिलं पांघरूण माझ्या डोळ्यावर होतं. मला वाटलं, आपण अजून जन्मायचे आहोत, घाई नाही.

त्या अंधारात मी बायकोला खरं सांगितलं. लगेच नव्हता धुतला. अर्धा तास.

तिनं माझ्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "म्हाईत हाय. मालकांनी तवाच सांगितलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कवा सांगताय त्ये बघत हुते."

सोलापूरला परतल्यावर तिनं घड्याळ लावून थेंब घातले. माझा हात झोपेत डोळ्याकडे गेला तर ती तो धरायची. उजव्या डोळ्याला काही झालं नाही. काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा हैदराबादला गेलो. बाईंनी ती रंगीत कागदाची पट्टी डोळ्याला लावली, निळा दिवा लावला. बायको पडद्यावर बघत उभी होती, माझा डोळा तिथं मोठा दिसत होता.

"रंग धरला व्हय?" तिनं विचारलं. तिच्याच्यानं राहवलं नाही.

बाईंना एवढं मराठी कळलं. त्यांनी मान हलवली. नाही. कुठंच नाही.

मी त्या खुर्चीत बसून रडलो. नव्या डोळ्यातूनही पाणी आलं आणि ते झोंबलं नाही. त्या डोळ्याला अजून अंधूक दिसतं. माणूस कळतो, वर्तमानपत्र वाचता येत नाही. पण सकाळी पापणी उघडताना आता मी घाबरत नाही.

कामावर गेलो त्या दिवशी लालचाच लॉट होता. मालक भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिले. मी खिळ्यावरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं त्याची धूळ पुसली आणि डोळ्यांवर चढवून टाकीवर वाकलो. लाल जरा मळकट दिसला. दिसू दे, म्हटलं.